पॉज बटण नसलेली खोली: लंडनच्या ‘स्काला’ थिएटरची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा जे ट्रेनमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय. मधले ‘अं... अं...’ तेवढे काढलेत.

आजची गोष्ट एका थिएटरची आहे. आणि भुताखेतांची, रक्ताची, विचित्र सिनेमांची, दोन मांजरांची, पोलिसांची आणि एका अशा सिनेमाची, जो दाखवायचा नव्हता आणि तरीही दाखवला गेला.

चला, सुरू करूया.

एक कल्पना करा. साल १९८९. शहर लंडन. तुमचं वय वीस. मित्राने कुठून तरी ऐकलंय की ‘द एक्झॉर्सिस्ट’ नावाचा सिनेमा बघून लोक थिएटरमध्ये चक्कर येऊन पडले होते. आता तुम्हाला तो बघायचाच आहे. आज आपण काय करू? फोन काढू, सर्च करू, नाही मिळाला तर टेलिग्रामवर कोणाला तरी विचारू. पाच मिनिटांचं काम.

१९८९ ला काय कराल? व्हिडिओच्या दुकानात जाल. दुकानदार मान हलवणार, नाहीये. दुसऱ्या दुकानात? तिथेही नाही. टीव्हीवर? ब्रिटिश टीव्हीने तो तोवर कधीच दाखवलेला नव्हता. गंमत म्हणजे त्या सिनेमावर बंदी नव्हती! थिएटरात तो कायदेशीरपणे लागू शकत होता. फक्त व्हिडिओ कॅसेटवर मिळत नव्हता, कारण कॅसेटसाठी लागणारं सर्टिफिकेट त्याला नव्हतं. ते थेट १९९९ मध्ये मिळालं.

म्हणजे एकच रस्ता उरतो. सोळा वर्षं जुना सिनेमा मुद्दाम पडद्यावर लावणारं एखादं थिएटर शोधायचं.

अशा थिएटरला म्हणतात रेपर्टरी सिनेमा. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. नेहमीचं थिएटर काय करतं? या शुक्रवारी जे नवीन आलं ते लावतं आणि चालेनासं झालं की उतरवतं. रेपर्टरी थिएटर उलटं चालतं. त्याला शुक्रवारशी काही देणंघेणं नाही. आज १९३३ चा ‘किंग काँग’, उद्या इटलीचा हॉरर, परवा जपानचा काहीतरी डोकं आऊट करणारा प्रकार. रोज नवीन सिनेमा, पण एकही ‘नवीन’ नाही. आणि बऱ्याचदा डबल बिल, म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे.

लंडनमध्ये ऐंशीच्या दशकात या प्रकारातलं सगळ्यात खतरनाक थिएटर होतं स्काला.

आधी जागा बघू

स्कालाची सुरुवात सत्तरच्या दशकाच्या शेवटी लंडनच्या दुसऱ्या भागात झाली, स्टीफन वुली नावाच्या तरुण सिनेमावेड्याने ती चालवली. पण आपली गोष्ट आहे १९८१ नंतरची, जेव्हा स्काला किंग्ज क्रॉसला आलं.

आज किंग्ज क्रॉस म्हणजे चकाचक. काचेच्या इमारती, मोठमोठ्या कंपन्यांची ऑफिसं, हॅरी पॉटरच्या प्लॅटफॉर्मसमोर फोटोसाठी लागलेली रांग. तेव्हाचा किंग्ज क्रॉस म्हणजे ड्रग्ज, वेश्याव्यवसाय, पडक्या गोदामांचा भाग. संध्याकाळनंतर सभ्य माणूस तिथे थांबत नसे. आणि तिथेच, स्टेशनच्या अगदी जवळ, ही पांढरी, घुमट असलेली जुनी इमारत.

ती इमारतच एक कॅरेक्टर आहे. १९२० मध्ये थिएटर म्हणून उघडली. मग मालक बदलले, नावं बदलली. १९७२ मध्ये तिथे रात्रभर रॉक कॉन्सर्ट व्हायच्या. लू रीडच्या ‘ट्रान्सफॉर्मर’ आणि इगी पॉपच्या ‘रॉ पॉवर’ या दोन अल्बमची कव्हर्स आठवतात का? नसतील आठवत तर बघा, प्रचंड गाजलेली कव्हर्स आहेत. ते दोन्ही फोटो मिक रॉक या फोटोग्राफरने याच इमारतीत काढले, त्याच जुलै महिन्यात, लागोपाठच्या रात्री.

त्यानंतर तिथे काय आलं असेल? माकडांवरचं प्रदर्शन! खरंच. ‘प्रायमटेरियम’ नावाचं. ते चाललं नाही. मग स्कालावाले आले आणि त्यांनी उद्घाटनाला कोणता सिनेमा लावला? ‘किंग काँग’. आधीच्या भाडेकरूंना सलाम म्हणून. यांचा सेन्स ऑफ ह्युमर कसा होता ते इथेच कळतं.

आत गेलात की काय? अंधारा जिना. खाली भुयारी रेल्वे, त्यामुळे सिनेमा चालू असताना मधूनच जमीन थरथरायची. हॉरर चालू असताना पायाखालून गडगडाट! आजच्या फोर डी एक्स थिएटरवाल्यांनी याचे वेगळे पैसे घेतले असते. आणि थिएटरची पाळलेली मांजरं. अंधारात, एकदम शांत सीन चालू असताना, कुणाच्या तरी मांडीवर अचानक काहीतरी मऊ, गरम, केसाळ येऊन बसायचं. त्या माणसाची किंकाळी हा प्रोग्रॅमचा भाग नव्हता, पण लोकांना फुकटात मिळायची.

भिंतीवरचा कागद

त्या काळी ॲप नव्हतं, नोटिफिकेशन नव्हतं. स्काला दर महिन्याला एक मोठा घडीचा कागद छापायचं. उघडला की पोस्टर. महिन्याचे सगळे दिवस चौकोनांत, प्रत्येक चौकोनात त्या दिवशीचे सिनेमे, मध्ये भन्नाट चित्रं. लंडनमध्ये भाड्याच्या छोट्या खोल्यांत राहणारी पोरं तो कागद भिंतीवर चिकटवायची. कॅलेंडर म्हणून, सजावट म्हणून, आणि ‘आम्ही कोण’ हे सांगणारी पाटी म्हणून पण.

त्या चौकोनांत काय असायचं? डेव्हिड लिंचचा ‘इरेझरहेड’. जॉन वॉटर्सचा ‘पिंक फ्लेमिंगोज’, ज्याचं वर्णन मी इथे करत नाही कारण तुमच्यातले काही जण जेवता जेवता वाचत असतील. दारिओ आर्जेंतोचे इटालियन हॉरर, ज्यात खून पण लाल-निळ्या-हिरव्या प्रकाशात एखाद्या पेंटिंगसारखे होतात. ‘थंडरक्रॅक!’ नावाचा एक अमेरिकन प्रकार, ज्यात वादळी रात्र, भुताळी बंगला, कॉमेडी आणि पॉर्न सगळं एकत्र आहे. आणि ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’.

या शेवटच्याजवळ जरा थांबू. टोबी हूपरचा हा सिनेमा १९७४ चा. ब्रिटिश सेन्सॉर बोर्डाने १९७५ मध्ये त्याला सर्टिफिकेट नाकारलं. मिळालं कधी? १९९९ मध्ये. चोवीस वर्षं! आणि गंमत माहितीये का? त्यात प्रत्यक्ष रक्त फार कमी दिसतं. जे काही आहे ते आवाजात आहे, किंकाळ्यांत आहे, उन्हात आहे. बोर्डाची अडचण हीच झाली की कापायचं काय? एखादा सीन कापून सिनेमा सौम्य होईना. तो सिनेमा अख्खाच्या अख्खा भीतीचा होता.

मग सर्टिफिकेट नसलेला सिनेमा स्काला दाखवायचं कसं? इथे एक साधी युक्ती होती. स्काला हा क्लब होता. छोटीशी फी भरा, मेंबर व्हा, कार्ड घ्या. क्लबने आपल्या मेंबर्सना दाखवलेल्या सिनेमाला नियम वेगळे लागायचे.

आता हे आपल्याला परकं वाटायला नको. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्या हेच करत आल्यात. १९५९ मध्ये सत्यजित राय अध्यक्ष असलेली फिल्म सोसायट्यांची फेडरेशन उभी राहिली. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे. या सोसायट्यांना मेंबर्ससाठी परदेशी सिनेमे दाखवताना सेन्सॉरमधून सवलत मिळायची. तुमच्या आईबाबांच्या किंवा आजोबांच्या पिढीतलं कुणी ‘आम्ही बर्गमन बघितला, फेलिनी बघितला’ असं सांगत असेल, तर बहुतेक अशाच एखाद्या हॉलमध्ये, लाकडी किंवा लोखंडी खुर्चीवर बसून बघितलेला असतो. फरक एवढाच की आपल्या सोसायट्या बऱ्यापैकी गंभीर. स्कालात बर्गमनपण चालायचा आणि त्याच आठवड्यात चेन सॉपण. उच्च-नीच भानगडच नाही.

‘व्हिडिओ नॅस्टी’ची भीती

आता जरा बाहेरचं वातावरण समजून घेऊ, नाहीतर स्काला एवढं महत्त्वाचं का होतं ते कळणार नाही.

ऐंशीच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये घरोघरी व्हीसीआर आले. थिएटरसाठी सेन्सॉर होतं, पण कॅसेटसाठी नियमच नव्हता. मग काय, दुकानांत धडाधड स्वस्तातले हॉरर आले. कव्हरवर ड्रिल मशीन, कवट्या, कापलेली मुंडकी. पेपरवाल्यांनी आरडाओरड सुरू केली की मुलं बिघडतायत, हे सगळं बंद करा. या सिनेमांना नाव पडलं ‘व्हिडिओ नॅस्टी’. सरकारी वकिलांच्या कचेरीने यादी काढली. वेळोवेळी मिळून ७२ नावं त्या यादीत आली, त्यातल्या ३९ सिनेमांवर खटले यशस्वी झाले. पोलीस दुकानांवर धाडी टाकायचे. आणि घाईत त्यांनी एकदा डॉली पार्टनचा एक म्युझिकल सिनेमा जप्त केला, कारण त्याच्या नावात ‘व्होअरहाउस’ होतं. नाव वाचलं, उचलला!

१९८४ मध्ये कायदा आला. प्रत्येक कॅसेटला सर्टिफिकेट हवंच.

या गोंधळात स्कालाच्या स्टीफन वुलीचंही नाव आहे. त्याने निक पॉवेलबरोबर पॅलेस नावाची कंपनी काढली होती. त्यांनी एका नवख्या अमेरिकन पोराचा सिनेमा ब्रिटनमध्ये आणला. पोराचं नाव सॅम रेमी, सिनेमाचं नाव ‘द इव्हिल डेड’. १९८३ मध्ये त्यांनी तो थिएटर आणि व्हिडिओ दोन्हीकडे एकदम रिलीज केला, जे तेव्हा कुणी करत नव्हतं. आज ओटीटीवाले करतात तेच, चाळीस वर्षं आधी! सिनेमा जोरात चालला आणि ‘नॅस्टी’च्या यादीत पण गेला. ब्रिटनमध्ये तो एकही कट नसलेल्या रूपात मान्य झाला २००१ मध्ये. आणि पुढच्याच वर्षी, २००२ ला, त्याच सॅम रेमीचा ‘स्पायडर-मॅन’ आला. म्हणजे ज्याच्या सिनेमाने मुलं बिघडतील म्हणून धाडी पडल्या, त्याचाच सिनेमा बघायला आईबाप मुलांना हाताला धरून घेऊन गेले.

कल्ट कोण बनवतं?

इथे मला एक मुद्दा मांडायचाय, आजच्या एपिसोडचा गाभाच तो आहे.

आपण ‘कल्ट’ हा शब्द फार सैल वापरतो. ट्रेलरखाली कमेंट येते, ‘भाई, कल्ट आहे हा!’ अरे, सिनेमा अजून रिलीज नाही झाला. कल्ट कसा होईल? कल्ट ही गोष्ट दिग्दर्शक बनवतच नाही. दिग्दर्शक सिनेमा बनवतो. कल्ट बनवतात प्रेक्षक, आणि बऱ्याचदा एखादं विशिष्ट थिएटर.

पुरावा देतो. डिसेंबर १९७०, न्यूयॉर्क, एल्जिन नावाचं थिएटर. मॅनेजर बेन बॅरेनहोल्ट्झने ठरवलं की अलेहांद्रो होदोरोव्स्कीचा ‘एल तोपो’ हा मेक्सिकन सिनेमा मध्यरात्री दाखवायचा. जाहिरात जवळजवळ नाहीच. वेस्टर्न आहे, पण साधू, गूढ, रक्त, प्रतीकं असं काहीही त्यात आहे. पोरं आली, त्यांनी मित्रांना सांगितलं, आणि तो सिनेमा महिनोन्‌महिने मध्यरात्री चालला. ‘मिडनाइट मूव्ही’ हा प्रकार तिथे रुजला.

दुसरा पुरावा. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’, १९७५. रिलीज झाला आणि आपटला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरने तो मध्यरात्री लावला. रोज येणारे लोक पडद्याकडे बघून ओरडायला लागले, डायलॉगला उत्तरं द्यायला लागले, पात्रांसारखे कपडे घालून यायला लागले. आपल्याकडे तमाशात किंवा गावच्या नाटकात प्रेक्षकातून कमेंट यायची, तसंच. आपटलेला सिनेमा पन्नास वर्षं चालू राहिला.

तिसरा तर माझा फेव्हरेट. जपानचा ‘हाउसू’, १९७७. दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशी हा जाहिरातींच्या जगातला माणूस. भीतीदायक काय वाटेल हे त्याने आपल्या शाळकरी मुलीला, चिगुमीला विचारलं. मोठी माणसं त्यांना समजतं तेवढंच सुचवतात, पोरं वाट्टेल ते सुचवतात! म्हणून त्या सिनेमात पियानो माणसाला खातो. आरसा हल्ला करतो. तो जपानबाहेर जवळजवळ कुणालाच माहीत नव्हता. तीस वर्षांनी, २००९-१० च्या सुमारास, तो अमेरिकेतल्या रेपर्टरी थिएटर्समधून फिरला आणि तिथल्या विशीतल्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. सिनेमा तोच. काय बदललं? खोली मिळाली. खोलीत माणसं मिळाली.

आणि आपल्या घरचं उदाहरण? ‘तुंबाड’. राही अनिल बर्वेचा सिनेमा, नारायण धारपांच्या कथेचं बीज, कोकणातला पाऊस, वाडा आणि हस्तर. २०१८ ला व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकची सुरुवात या सिनेमाने झाली. आपल्याकडे रिलीज झाला तेव्हा कौतुक झालं, पण गल्ला बेताचाच. मग सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले, ‘अरे तू बघितला नाहीस?’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. जे लोक आले त्यातल्या कित्येकांनी तो आधी मोबाइलवर बघितलेला होता! तरीही तिकीट काढलं. का? कारण त्यांना तो पाऊस आणि तो अंधार मोठा बघायचा होता. आणि शेजारी कुणीतरी दचकायला हवं होतं.

पॉज बटण

भीतीबद्दल एक साधी गोष्ट सांगतो. फोनवर हॉरर बघताना आपल्या हातात पॉज बटण असतं. फारच वाटलं तर आपण थांबवतो, पाणी पितो, व्हॉट्सॲप बघतो, ब्राइटनेस वाढवतो. भीतीची चावी आपल्याच हातात. थिएटरात ती चावी नाही. दार दिसतंय, हात त्या दाराकडे जातोय, आणि तुम्ही काहीही करू शकत नाही. जास्तीत जास्त डोळे मिटाल, पण कान? कान मिटता येत नाहीत.

मग अख्खी खोली एकदम दचकते. आणि लगेच काय होतं? हशा! दचकल्यावर दोन सेकंदांनी येणारा तो सगळ्यांचा लाजरा हशा. ‘मी एकटाच घाबरलो नाही’ हे कळल्याचा हशा. तो फोनवर येत नाही. एकट्याने घाबरलं की माणूस फक्त घाबरतो. सगळ्यांबरोबर घाबरलं की ओळख होते.

स्कालाच्या बाबतीत हे आणखीच खरं होतं. ऐंशीच्या दशकातलं थॅचरबाईंचं ब्रिटन. बेकारी. एड्सची साथ आणि त्याबरोबर गे लोकांबद्दलचा प्रचंड तिरस्कार. १९८८ मध्ये ‘सेक्शन २८’ नावाचा नियम आला, ज्याने स्थानिक सरकारी संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला मनाई केली. म्हणजे शाळेत शिक्षक त्यावर बोलायलाही घाबरायचे. त्या काळात स्काला ही लंडनमधली अशी एक खोली होती जिथे गे मुलं, पंक मुलं, एकटी मुलं, कुठेच न बसणारी मुलं शनिवारी रात्री आत शिरायची. ऑल-नायटर असायचा. रात्री सुरू, सकाळपर्यंत एकामागून एक सिनेमे. अर्धे लोक जागे, अर्धे झोपलेले, काही जण घरी जायला घर नाही म्हणून आलेले. पडद्यावर राक्षस, पण खोलीत सुरक्षित. बाहेर उलट होतं.

त्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एक पीटर स्ट्रिकलंड. शाळकरी वयात, १९९० मध्ये, त्याने स्कालात ‘इरेझरहेड’ बघितला. पुढे तो स्वतः दिग्दर्शक झाला. त्याचा ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ बघा. एक साधासुधा इंग्रज साउंडवाला इटलीत हॉरर सिनेमाचे आवाज करायला जातो. कलिंगडं फोडतो, कोबी चिरतो आणि त्यातून खुनाचे आवाज तयार होतात. हळूहळू त्याचं डोकं फिरायला लागतं. अख्ख्या सिनेमात तो हॉरर पिक्चर आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, फक्त ऐकू येतो. पॉडकास्ट ऐकणाऱ्यांनी तर बघायलाच हवा.

आता दुसरी बाजू

थांबा. सगळं गुलाबी नको करूया. या कल्ट सिनेमांतले कित्येक खरोखर टुकार आहेत. काही तर ओंगळ आहेत. बायकांना नुसतं मारायला ठेवलेले सिनेमे आहेत, परक्या संस्कृतींना राक्षस बनवणारे आहेत. ‘कल्ट आहे’ म्हटलं की सगळं माफ, असं नसतं.

पण मला वाटतं याचं उत्तरसुद्धा त्या खोलीतच आहे. एखादा घाणेरडा सीन एकट्याने, लपून बघितला की तो तसाच डोक्यात राहतो. पन्नास जणांत बघितला आणि त्यातल्या दहा जणींनी पडद्याला शिव्या घातल्या, बाहेर चहा पिता पिता त्यावर भांडण झालं, की तो सीन आपण नीट ‘बघतो’. स्कालात लोक काही भक्तिभावाने बसायचे नाहीत. ओरडायचे, हसायचे, उठून जायचे. न्याय तिथेच व्हायचा.

जो दाखवायचा नव्हता

आणि आता शेवटाकडे. म्हणजे स्कालाच्या शेवटाकडे.

स्टॅनले कुब्रिकचा ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’. ब्रिटनमध्ये १९७२ ला आला. तरुण पोरांच्या टोळीची हिंसा. पेपरांनी या ना त्या गुन्ह्याला या सिनेमाशी जोडायला सुरुवात केली. कुब्रिक ब्रिटनमध्येच राहायचा, त्याच्या कुटुंबाला धमक्या आल्या. तेव्हा त्याने स्वतःच आपला सिनेमा ब्रिटनपुरता मागे घेतला. लक्षात घ्या, सरकारने नाही. सेन्सॉरनेही नाही. दिग्दर्शकाने! बाहेर बऱ्याच देशांत चालू, ब्रिटनमध्ये बंद. लंडनची पोरं तो बघायला पॅरिसला जायची.

१९९२ मध्ये स्कालाने तो पडद्यावर लावला. परवानगी न घेता. तेव्हा प्रोग्रॅम ठरवायची जबाबदारी जेन जाइल्सवर होती. कॉपीराइटची चोरी रोखणाऱ्या संस्थेने कोर्टात खेचलं. १९९३ मध्ये निकाल स्कालाच्या विरोधात गेला. आणि त्याच वर्षी स्काला बंद झालं.

ऐकायला कसं वाटतं? एका सिनेमाने थिएटर मारलं. गोष्ट म्हणून छान आहे. पण फक्त तेवढंच नव्हतं. जागेचा करार संपत आला होता. देशात मंदी होती. घरोघरी व्हीसीआर, मग थिएटरला कशाला जायचं? खटल्याचा खर्च हा शेवटचा धक्का होता, पण भिंत आधीच पोखरलेली होती.

आता तुम्हाला विचारतो, कोण बरोबर? कुब्रिक म्हणणार, माझा सिनेमा, माझं कुटुंब, माझा निर्णय. यात चूक काय आहे? कुणाच्या घरावर धमक्या येत असतील तर ‘कला सगळ्यांची असते’ असं आपण बाहेर बसून म्हणणं सोपं आहे. आणि स्काला म्हणणार, एक अख्खी पिढी मोठी झाली जिला हा सिनेमा बघताच आला नाही, ज्यावर सगळे बोलतात पण कुणी बघितलेला नाही. तेही खरंच आहे.

माझं मत विचाराल तर कायद्याने कुब्रिक बरोबर होता आणि कोर्टाने दुसरं काही करणं अवघड होतं. पण हिशोब मांडून बघा. कुब्रिक मार्च १९९९ मध्ये गेला. २००० मध्ये ‘क्लॉकवर्क ऑरेंज’ ब्रिटनमध्ये रीतसर पुन्हा रिलीज झाला. सिनेमा परत आला. स्काला परत आलं नाही. सिनेमा डब्यात वाट बघू शकतो, सत्तावीस वर्षंसुद्धा. खोलीला वाट बघता येत नाही. तिचं भाडं दर महिन्याला असतं.

ती इमारत अजून आहे. १९९९ पासून तिथे त्याच नावाने म्युझिकचे शो होतात. आणि जेन जाइल्स? तिने अली कॅटरॉलबरोबर २०२३ मध्ये स्कालावर एक डॉक्युमेंटरी केली, ‘स्काला!!!’ नावाची. तीन उद्गारचिन्हं माझी नाहीत, त्यांचीच आहेत. जमेल तिथे बघा.

आज काय?

तुम्ही म्हणाल, झालं, जुन्या गोष्टी. तर नाही. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ प्रिन्स चार्ल्स नावाचं थिएटर आहे. १९६२ ला नाट्यगृह म्हणून उघडलं, मध्ये प्रौढांच्या सिनेमांचे दिवस काढले आणि १९९१ पासून रेपर्टरी झालं. स्काला गेल्यावर त्याची बरीचशी मंडळी तिथे जायला लागली. २००० मध्ये ‘फ्राइटफेस्ट’ हा हॉरर सिनेमांचा महोत्सव तिथेच सुरू झाला. टॉमी वाइझोचा ‘द रूम’, जो जगातल्या सगळ्यात वाईट सिनेमांपैकी एक मानला जातो, तो तिथे हाउसफुल्ल चालतो आणि लोक पडद्यावर प्लॅस्टिकचे चमचे फेकतात. का? सिनेमात दिसणाऱ्या एका फोटोफ्रेममध्ये चमच्याचं चित्र आहे म्हणून. एवढंच कारण.

जानेवारी २०२५ मध्ये या थिएटरने जाहीर केलं की नव्या करारात जागामालकांना अशी अट हवी आहे की सहा महिन्यांच्या नोटिशीवर जागा रिकामी करावी लागेल, आणि भाडंही बाजारभावापेक्षा जास्त मागितलं जातंय. मालकांच्या बाजूने हे आरोप मान्य नव्हते. थिएटरने ऑनलाइन सह्या मागितल्या. काही दिवसांतच एक लाखाच्या वर सह्या झाल्या! त्याच वर्षी वेस्टमिन्स्टर कौन्सिलने या थिएटरला ‘समाजासाठी मोलाची जागा’ असा कायदेशीर दर्जा दिला. याचा अर्थ मालकाने जागा विकायला काढली तर लोकांना बोली लावायला वेळ मिळतो. भाड्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. पण १९९३ मध्ये स्कालाच्या मागे एक लाख सह्या नव्हत्या, हेही तितकंच खरं.

आणि गंमत बघा. सह्या करणारे कोण? ज्यांच्या फोनवर सगळं उपलब्ध आहे तेच. ज्यांना ‘द एक्झॉर्सिस्ट’ शोधायला अख्खं शहर पालथं घालावं लागत नाही. सिनेमा मिळत नाही म्हणून ते थिएटरला जात नाहीत. मिळतो, तरी जातात. म्हणजे स्कालात लोकांना जे हवं होतं ते फक्त ‘बंदी असलेला सिनेमा’ नव्हतं. ती खोली हवी होती.

आपल्या गावात अशी खोली असेलच असं नाही. पण बनवता येते. एक प्रयोग सुचवतो. या शनिवारी चार-पाच जण जमा. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ लावा, १९६८ चा. आजच्या प्रत्येक झॉम्बी सिनेमाचा आजोबा. तो कायदेशीर फुकट आहे, कारण रिलीजच्या आधी सिनेमाचं नाव बदललं तेव्हा नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली. एका ओळीच्या चुकीमुळे सिनेमा सगळ्या जगाचा झाला! रोमेरोला त्यातून पैसे मिळाले नाहीत, पण त्याचे झॉम्बी घराघरात पोचले.

नियम तीनच. सगळ्यांचे फोन एका डब्यात. दिवे बंद. आणि रिमोट कुणाच्याच हातात नाही, म्हणजे कोणीही पॉज करायचं नाही, शू लागली तरी. संपल्यावर अर्धा तास त्यावर भांडायचं. शेवट योग्य होता का, तो हीरो मरायला हवा होता का... अरेच्चा, सांगितलंच की! जाऊ दे, पन्नासहून जास्त वर्षं झाली, त्याला आता स्पॉयलर म्हणत नाहीत.

घरी मांजर असेल तर तिलाही आत सोडा.

आणि मग मला कळवा, किती जण दचकले आणि त्यानंतर कोण पहिलं हसलं. पुढच्या एपिसोडमध्ये आपण वळणार आहोत आपल्या रामसे बंधूंकडे. सात भाऊ, महाबळेश्वरची थंडी आणि १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’. तोपर्यंत काळजी घ्या, रात्री खिडकी बंद करून झोपा. भुतांसाठी नाही हो, डासांसाठी.

भेटूया!